निळा ट्रक

क्वेरीभाऊचा पाय मोडला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना मनातून जरा बरं वाटलं. तसं वाटू नये हे त्यांनाही कळत होतं. पण वाटलं.

कारण क्वेरीभाऊ त्याच हॉस्पिटलात कोडिंगचं काम करायचा. म्हणजे डॉक्टरांनी पेशंटच्या फाइलमध्ये जे लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक दुखापतीला, ती कशी झाली त्यालाही, ठरलेला नंबर लावायचा. विम्याचं पुढचं सगळं त्या नंबरावर. मोटरसायकलचे अपघात खास त्याच्या वाट्याचे. डॉक्टरांनी घाईत 'बाइकवरून पडला' एवढंच खरडलं, की याची क्वेरी, म्हणजे प्रश्नांची चिठ्ठी, हजर. चालवत होता की मागे बसला होता? धडकला कशाला? रस्त्यावर की पार्किंगमध्ये?

"अरे, त्याचं हाड बाहेर आलंय! मी त्याची मुलाखत घेत बसू?" डॉक्टर ओरडायचे.

"तुम्ही लिहिलं नाहीत तर आम्ही लावत नाही, सर." हा शांत.

आणि आता हाच वरच्या मजल्यावर पडलेला. पाय उशीवर, तोंड भिंतीकडे.

खरं जे झालं ते फारच किरकोळ होतं. लग्न ठरलेलं. मोटरसायकल नवी, उंच सीटची. होणाऱ्या सासऱ्यांकडे चहा पिऊन हा फाटकाबाहेर आला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कोणी नाही. म्हणून पाय मागून झोकात फिरवून बसायला गेला. पँट घट्ट होती. पाय सीटपर्यंत पोचलाच नाही, आणि गाडी आणि हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून आडवे. इंजिनसुद्धा चालू नव्हतं.

गुडघेदुखीचे सासरे जिन्याचा कठडा धरत धरत खाली आले. "काय झालं? कोणी उडवलं?"

"ट्रक..." याच्या तोंडून निघून गेलं.

सासऱ्यांनी अपघात विभागात ते सगळ्यांना ऐकवलं आणि डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग सिस्टर म्हणाली, "ट्रक असेल तर पोलिसांना कळवायला लागेल हं." हा टरकला. "ट्रक लांब होता हो सिस्टर, कुत्रं आडवं आलं." तिने ते लिहिलं. एक्स-रेवाला म्हणाला, "पाय कसा वळला ते खरं सांग, नाहीतर चुकीच्या बाजूने फोटो काढीन." तिथे याने कुजबुजत खरं सांगितलं. एक्स-रेवाल्याने तेही लिहिलं.

फाइल एक, पाय एक, अपघात तीन.

स्वतःची फाइल स्वतः करता येत नाही, म्हणून ती गेली खाली कोडिंगमधल्या नव्या पोरीकडे. तिला यानेच शिकवलेलं. याने पडल्या पडल्या तिला फोन लावला.

"अगं, नुसतं 'पडला' लावून टाक ना."

"दादा, मनाने कसं लावू? एकाच फाइलीत वेगवेगळं लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारायचं, तुम्हीच शिकवलंत."

"माझ्यासाठी एवढं कर की गं."

"तुमच्यासाठी म्हणूनच क्वेरी छान लिहिलीय. सगळे पर्याय दिलेत."

ती क्वेरी घेऊन डॉक्टर संध्याकाळी आले, नेमके सासरे आणि होणारी बायको डबा घेऊन भेटायला आलेले असताना.

"क्वेरीचं उत्तर द्यायला मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चालत आलोय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावला. "प्रश्न पहिला. वाहन कशाला धडकलं? ट्रक. जनावर. उभी वस्तू. कशालाच नाही. सांगता येत नाही."

'सांगता येत नाही' यावर क्वेरीभाऊचा जीव क्षणभर अडकला. पण सासरे खुर्चीतून उठलेच. "ट्रक! निळा ट्रक! मी स्वतः बघितला. कोपऱ्यापर्यंत पळालो त्याच्यामागे."

क्वेरीभाऊने मान वळवली. हे गुडघे? पळाले?

सासरे आता खिडकीपाशी होते. खाली ऑक्सिजनचे सिलिंडर उतरवणारा एक ट्रक उभा होता. निळा.

"अहो डॉक्टर, हाच! बघा कसा निर्लज्जासारखा उभा आहे! बोलवा पोलिसांना, मी साक्ष देतो."

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला. खाली तो ड्रायव्हर सिलिंडरवर बसून बिचारा केळं खात होता.

"कशालाच नाही," क्वेरीभाऊ भिंतीला म्हणाला.

"मोठ्याने."

"कशालाच धडकली नाही, सर."

"प्रश्न दुसरा. चालवत होता, मागे बसला होता, की..." डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "की चढत-उतरत होता?"

"चढत होतो."

"आणि गाडी?"

"उभी होती."

याचे कान तापले. पायावरचं प्लास्टर तोंडावर ओढून घेता आलं असतं तर घेतलं असतं. डॉक्टरांनी उत्तर लिहिलं आणि ज्या आनंदाने माणूस बाळाला बघून बाहेर पडतो, तसे ते बाहेर पडले.

"मी गॅलरीत होते," होणारी बायको म्हणाली. "तुला हात करत. तेव्हापासून ट्रक कधी येतोय याची वाट बघतेय."

डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वर बघायचं राहिलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघायचं होतं. लग्न करायचंय ना."

"अजून... करायचंय?"

"त्या सिलिंडरवाल्याला आत टाकलं असतंस तर नव्हतं करायचं." एवढं बोलून ती डबा धुवायला निघून गेली. जाताना हसली की नाही, ते भिंतीकडे तोंड असल्यामुळे याला कळलं नाही.

तेवढ्यात फोन. नवी पोरगी जवळजवळ नाचत होती. "दादा! चढता-उतरतानाचा कोड! आपल्यात कोणालाच कधी लावायला मिळाला नव्हता! थांबा, सगळे बघायला वर येतायत."

सासरे इतका वेळ खिडकीतूनच बाहेर बघत होते. ट्रक केव्हाच निघून गेला होता.

"जावईबापू," शेवटी ते बारीक आवाजात म्हणाले, "तुमच्या त्या यादीत... न आलेला ट्रक बघितलेल्या माणसाला काही नंबर असतो का हो?"

"असेलही. पण डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय आम्ही लावत नाही, बाबा."

सासऱ्यांनी दाराकडे बघितलं. कॉरिडॉरमधून खूप जणांच्या पावलांचा आवाज येत होता. त्यांनी गपचूप खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तेही भिंतीकडे तोंड करून बसले.