समुद्र दर सहा तासांनी ताजा होईल

जे हलत नाही ते लवकर दिसते. हा नियम निसर्गाचा नव्हे, पडद्याचा आहे. आता या दोघांत फारसा फरक उरलेला नाही, आणि जो थोडा उरला होता तो काढून टाकण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले.

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. आहे. (प्रकाशाचा वेग मला पाठ आहे, एसटीचा कोणालाच नाही.) मुरुडपासून पाऊण तासावर, खाडीच्या तोंडाशी आमचे लहानसे बंदर आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माडीवर ‘थेट किनारादर्शन कक्ष’ सुरू झाला आणि त्याचे सॉफ्टवेअर मी लिहिले. उद्दिष्ट एका ओळीचे होते: परतणाऱ्या होड्या खाडीच्या तोंडाशी दिसाव्यात. तिथे वाळूचा दांडा आहे, दांड्याला लागून खडक आहेत, आणि मध्ये टेकडी येत असल्यामुळे किनाऱ्यावरून ती जागा दिसत नाही. ती दिसते फक्त सोसायटीच्या माडीवरच्या खिडकीतून. त्यामुळे ज्यांची होडी यायची असे त्या बायका गेली चाळीस वर्षे जिना चढून या खिडकीशी उभ्या राहत. ही पद्धत अशास्त्रीय होती. (नोंद राहत नसे.)

गच्चीवर कॅमेरा बसला. एका चित्रात सहा कोटी चाळीस लाख ठिपके, आणि सेकंदाला अशी वीस चित्रे. पडदा भिंतीएवढा. खिडकीचा उजेड त्यावर पडून समुद्र फिका दिसू लागला, म्हणून खिडकीला काळा पुठ्ठा ठोकला. समुद्र नीट पाहण्यातला पहिला अडथळा अशा रीतीने दूर झाला.

दुसरा अडथळा वेळेचा होता. इतके मोठे चित्र पडद्यावर यायला चार सेकंद लागत. कक्षप्रमुख प्रज्योत सर म्हणाले, “चार सेकंद म्हणजे बातमी झाली, मॅडम. थेट कुठे झालं?”

मी चित्राचे लहान चौकोन पाडले. जो चौकोन बदलला असेल तोच नव्याने काढायचा, बाकीचे जुनेच राहू द्यायचे. (पाहुणे आले की माझी आई फक्त पुढची खोली झाडते, तेच हे तत्त्व.) चार सेकंदांचे दोन झाले. त्याहून खाली येईना, तेव्हा कारण शोधणे भाग पडले, आणि कारण गंभीर निघाले. किनाऱ्यावर फार हालचाल होती.

मी सात दिवस मोजमाप केले. एकूण हालचालीत समुद्राचा वाटा ४४ टक्के, माडांच्या झावळ्यांचा ३१, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा ९, झेंड्यांचा ६, कावळ्यांचा ४ आणि माणसांचा ३ टक्के निघाला. हा तक्ता मी तीनदा तपासला. मला गोष्टी अचूक लागतात.

त्यानंतर परिपत्रक निघाले. मसुदा माझा होता आणि मला अजूनही तो बरा वाटतो. झावळ्या सुतळीने बांधून घ्याव्यात. बोंबील खालून दगड लावून स्थिर करावेत. झेंडे फक्त वारा नसताना लावावेत. कॅमेऱ्याच्या टप्प्यात मुलांनी लगोरीऐवजी बुद्धिबळ खेळावे. पावलांनी कॅमेरा थरथरतो व सगळेच चौकोन बदलतात, म्हणून सोसायटीचा जिना अनवाणी व हळू चढावा. गच्ची कायमची बंद राहील. (कावळ्यांना लेखी कळवणे शक्य नसल्याने त्यांच्याबाबतचे कलम स्थगित ठेवले.) शेवटची ओळ होती: सहकार्याबद्दल कक्ष आपला आभारी आहे.

लोकांनी सहकार्य केले. निवृत्त एसटी चालक रामजी यांना ‘निश्चल नागरिक’ म्हणून प्रशस्तिपत्र देण्यात आले. सकाळी आठ ते अकरा ते धक्क्यावरच्या बाकावर बसतात आणि त्यांचा एकही चौकोन बदलत नाही. प्रशस्तिपत्र घेताना ते म्हणाले, “गुडघे गेलेत माझे, बाई. तुम्ही लिवा काय ते.”

उरला समुद्र. तो कोणाच्याच अखत्यारीत येत नव्हता. तेव्हा मी समुद्राचे चौकोन वेगळे काढले आणि ते दर दहा सेकंदांनी ताजे होतील अशी सोय केली. विलंब लगेच उतरला. मग दहा मिनिटांनी केली, आणखी उतरला. समुद्र तसाही रोज तोच असतो, असे सरांचे मत पडले, आणि तपासणी तोंडावर असताना त्याचे खंडन करण्याइतकी आकडेवारी माझ्याकडे नव्हती. मुदत सहा तासांची झाली. विलंब शून्य पूर्णांक शून्य चार सेकंद. पापणी लवायला याच्या किमान तिप्पट वेळ लागतो.

या सगळ्या काळात आठ महिने मी समुद्र पाहिला नाही. माझी खुर्ची त्याच्यापासून साठ मीटरवर होती.

तपासणीच्या दिवशी, पावणेदहाला, अलिबागहून समिती यायच्या दहा मिनिटे आधी, मनुबाई जिना चढून आल्या. अनवाणी आणि हळू. त्यांचा मुलगा सुजित दोन खलाशांना घेऊन रात्रीचा गेला होता.

“बाय, माजा सुजित तोंडावर आलाय काय बघ गो. आठालाच यायचा व्हता.”

मी पडद्याकडे पाहिले. सहा कोटी चाळीस लाख ठिपके, त्यात एकही होडी नाही.

“कुणी नाही, मनुबाई. सगळं शांत आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. “मंग लांबच असंल अजून.” आणि त्या निघाल्या. जिना हळू उतरा, असे मी मागून सांगितले.

समिती आली. सात जणांनी पडदा पाहिला, तक्ता वाचला, चहा घेतला. अध्यक्षांना लाटांची शिस्त फार आवडली. अकराच्या सुमारास मनुबाई पुन्हा आल्या, या वेळी धावत. माडी हादरली, सगळे चौकोन बदलले आणि समितीच्या डोळ्यांदेखत विलंब अडीच सेकंदांवर गेला.

“मावशी, तपासणी चालू आहे,” सर म्हणाले.

मनुबाई पडद्याजवळ गेल्या. दांड्यावर बोट ठेवले. “ही तर सुकती हाय.”

“काय आहे?” अध्यक्षांनी विचारले.

“भायेर भरती चढलीय पार धक्क्यापर्यंत, नि हितं दांडा कोरडा? ह्यो दर्या सकालचा हाय गो बाय!”

तो सकाळी सातचा होता. मी तसे सांगण्यासाठी तोंड उघडले, तोवर त्यांनी दोन्ही हातांनी पुठ्ठा ओढून काढला होता. खोलीत उजेड आला. समितीने डोळ्यांवर हात धरले.

होडी खडकांपासून तीस हातांवर होती. इंजिन बंद पडले होते, नांगर घसरत होता, आणि टपावर उभा राहून सुजित लाल बनियन हलवत होता. नंतर कळले की तो साडेनऊपासून हलवत होता. खिडकीत बायका दिसत नव्हत्या, पण कॅमेरा आपल्याकडेच रोखलेला आहे हे त्याला माहीत होते.

धक्क्यावरून दोन होड्या सुटल्या. दोर टाकून तिला ओढून आणले तेव्हा तळाच्या दोन फळ्या फुटल्या होत्या. तिघेही जिवंत होते. सुजितचा उजवा हात आठवडाभर खांद्याच्या वर जात नव्हता.

संध्याकाळी मी मनुबाईंच्या घरी गेले. मी चौकोनांचे तत्त्व समजावून सांगायला लागले. त्या मासे साफ करत होत्या, थांबल्या नाहीत.

“तुजा पडदा मी कशाला बघू? मना त्यातला काय कलतंय? मी तुज्या तोंडाकडं बघून खाली गेले.”



समितीच्या अहवालात यंत्रणा उत्तीर्ण झाली: विलंब ०.०४ सेकंद, चित्र स्थिर, जनसहकार्य उत्तम. संकटातल्या खलाशाने हात हलवणे टाळावे, त्याने चित्र मंदावते, अशी एक सूचनाही आहे. खिडकीबद्दल स्वतंत्र शेरा आहे: विलंब शून्य, परंतु नोंद ठेवण्याची सोय नाही. पुठ्ठा परत लावण्याचा आदेश माझ्या टेबलावर आहे. मी तो हलवलेला नाही.

जाता जाता, केवळ अचूकतेसाठी, एक दुरुस्ती. वरच्या तक्त्याची बेरीज सत्त्याण्णव होते. उरलेले तीन टक्के म्हणजे होड्या. सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी होता, त्या तेवढ्या यादीत घालायच्या राहून गेल्या. मी तीनदा तपासूनही ते माझ्या लक्षात आले नाही, सरांनी सही केली, समितीतल्या सात जणांनी तो तक्ता चहाबरोबर वाचला. आणि आत्ता तुम्हीही वाचलात आणि कुठेही न अडखळता इथवर आलात.

सहकार्याबद्दल कक्ष आपला आभारी आहे.