रशीदभाईचा कोपरा

भोयरकाकांच्या घरी जायचं असेल तर घरून पाय धुवून जाऊ नये. धुतलेले पाय पाहिले की काकांचा चेहरा पडतो. "धुवूनच आले का?" असं ते अशा काही आवाजात विचारतात, की जेवायला बोलावलेलं असताना आपण घरून जेवून आलोय असं वाटावं. मग स्वतःच मार्ग काढतात. "जाऊ द्या. अजून एकदा धुवा. रस्त्यानं धूळ लागलीच असन."

पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायची आपल्याकडे रीत आहे. फरक इतकाच, की लोक ते पाहुण्यासाठी देतात आणि काका गवतासाठी.

पांढरकवड्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी शाळेत शिकवते. उन्हाळ्यात सुट्टी असते आणि सुट्टीत भिंतीपलीकडे बघणं हे माझं मुख्य काम असतं, हे कबूल केलेलं बरं. काका पाणीपुरवठ्यात वाल्वमन होते. सारा जन्म गावाला पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात गेला. तेव्हा एका साहेबांच्या बंगल्यात लॉन होती. वाल्व तिच्या पलीकडे होता, पण लॉनवर पाय ठेवायची काकांना परवानगी नव्हती. कडेकडेनं जावं लागे. ते काकांच्या मनाला इतकं लागलं, की रिटायर झाल्याबरोबर त्यांनी नागपूरहून गवताच्या गुंडाळ्या आणून अंगणात स्वतःची लॉन अंथरली. आणि तिच्यावर कुणाला म्हणून पाय ठेवू दिला नाही. आता ते स्वतःच्या घरात कडेकडेनं जातात.

लॉन सुंदर वगैरे असेल, पण हा यवतमाळ जिल्हा आहे. मे महिन्यात इथं माणूस हिरवा राहत नाही, तिथं गवताचं काय घेऊन बसलात. सकाळी नऊ वाजताच रस्ते ओस पडतात. जो दिसतो तो तोंडाला रुमाल बांधलेला दिसतो, आणि दरोडेखोर कोण आणि बँकेतला कारकून कोण हे आवाजावरून ओळखावं लागतं. बोअर खोल गेलेली. अशात लॉन जगवायची, तर पिण्याचं पाणी गवताला घालणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून त्यांनी नियम केला: लॉनला फक्त वापरलेलं पाणी. आणि ते कुठून आणायचं, तर आमच्याकडून.

आमच्या आरओचं वाया जाणारं पाणी एका पांढऱ्या नळीतून भिंतीवरून त्यांच्याकडे जातं. दर चार दिवसांनी भिंतीवर त्यांचं डोकं उगवतं. "मॅडम, कूलरचं पानी शिळं झालं असन." शिळं झालेलं नसतं, पण काकांनी एकदा म्हटलं की ते होतं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, सगळं त्यांना लागतं. घरात कुणी पेला अर्धा ठेवून उठला की विचारतात, "बाकीचं पानी कुठी गेलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. लग्नात, तेराव्याला, कुठंही हात धुवायच्या जागी काका उभे दिसले, तर ते सांडलेल्या पाण्याच्या वाटेकडे बघत हाच विचार करत असतात.

काकू आंघोळीला गेल्या की बाहेरून सूचना येते, "साबन कमी लाव, गवताले चालत नाही." काकू एकदा मला म्हणाल्या, "माह्या बापानं वाल्वमन पाहून देल्ला. म्हने, पोरीले जन्मात पान्याची कमी नाही राहाची."

तर पाय. लॉनच्या चार कोपऱ्यांना चार फरश्या आहेत. आलेल्या माणसानं फरशीवर उभं राहून पाय धुवायचे, पाणी आपोआप गवतात उतरतं. कोणी कुठल्या फरशीवर जायचं हे काका ठरवतात. "तुम्ही आज तुळशीकडे जा, तिकडे परवापासून कोनी आलं नाही." मीटर वाचणारा येतो, विम्याचा एजंट येतो, कुणाची सुटका नाही. एजंट बिचारा पाय धुऊन धुऊन कंटाळला, पण पॉलिसी काही निघाली नाही. जावई राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला. पहिल्या दिवाळसणाला काकांनी त्याचा पाट मोगऱ्याजवळच्या फरशीवर मांडला आणि त्याला उटणं लावून साऱ्या कॉलनीदेखत अभ्यंगस्नान घातलं. जावई पुढच्या दिवाळीला आला नाही. काका म्हणाले, "त्या कोपऱ्याचं नुकसान झालं."

पण चारांत सगळ्यात हिरवा कोपरा होता फाटकाजवळचा. तो रशीदभाईचा.

रशीदभाई कूलर दुरुस्त करतात. बसस्टँडकडे त्यांचं दुकान आहे. काका वाल्व उघडायचे तेव्हा रशीदभाई पाइपाचं फिटिंग करायचे, तेव्हापासूनची दोस्ती. संध्याकाळी दुकानातून निघाले की ते काकांकडे यायचे, चहा घ्यायचे, आणि मगरीबच्या नमाजाला जायच्या आधी तिथंच फाटकाजवळच्या फरशीवर बसून वजू करायचे. हात, तोंड, मग पाय. काकांच्या दृष्टीनं याहून चांगला पाहुणा दुनियेत नव्हता. "आमच्यावाले सकाळी एकडाव आंघोळ करते अन् दिवसभर कोरडे फिरते," ते कौतुकानं म्हणत. "रशीदचं तसं नाही."

रशीदभाई मात्र चुळूकभर पाण्यात काम उरकायचे. काका लोटा घेऊन मागं उभे. "घे न अजून."

"अरे, नदीकाठी बसलो तरी पानी जपून वापराव, असं हाये आमच्यात."

"तू नको जपू. जपाले मी हाये न."

हे रोजचं. इतकी वर्षं मी ते भिंतीवरून ऐकलं, की शेवटी मला ऐकूच येईनासं झालं होतं. बंद पडल्यावर ऐकू आलं.

बंद पडलं संक्रांतीला. रशीदभाई तिळगूळ घ्यायला आले ते पायात मोजे घालून. मी भिंतीशीच होते.

"मोजे काढ," काका म्हणाले.

"आज राहू दे."

"काहून?"

"थंडी हाये."

"थंडीत काय पाय नसते का मानसाले? काढ."

"भोयर, आज नाही धुत म्हनलं न."

काकांना सरळ बोलता येत नाही असं नाही, पण त्या दिवशी ते नको तितकं सरळ बोलले. "धुवाचे नसन तं येत नको जाऊ."

गोड बोलायच्या दिवशी हे बोलणं. रशीदभाईंनी हातातला तिळाचा लाडू बघितला, खिशात टाकला आणि फाटक लावून गेले. फाटक हळू लावलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते आले नाहीत. काकांनीही बोलावलं नाही. पण फाटकाजवळच्या कोपऱ्याला त्यांनी पाणी देणं बंद केलं. कुणालाच त्या फरशीवर जाऊ देईनात. मी एकदा कूलरचं पाणी तिकडे ओतायला गेले, तर धावत आले. "तिकडे नाही, मॅडम. ते त्याचं हाये. त्याचं त्यानं पाहावं."

आता सांगा, गवतावर कधी कुणी राग काढतं का? फेब्रुवारीत कोपरा पिवळा पडला, मार्चमध्ये तपकिरी झाला. तीन कोपरे हिरवे आणि एक जळालेला, अशी ती लॉन घेऊन काका रोज संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून खुर्चीवर बसत. चहा दोन कप यायचा. दुसरा काकू पीत. त्यांना संध्याकाळचा चहा सोसत नाही, हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे. मला दोघांचाही राग येऊ लागला होता. साठी उलटलेली माणसं, आणि भांडण पाचवीच्या वर्गातलं. माझ्या वर्गात असती तर दोघांना एका बाकावर बसवलं असतं.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या कूलरचा पंप जळाला. फोन केला तर रशीदभाई म्हणाले, दुकानात या. एरवी हा माणूस पंप बगलेत मारून तासाभरात दारात उभा. मी भर दुपारी स्कुटी काढून गेले. रशीदभाई खुर्चीवर, आणि डावा पाय पुढच्या स्टुलावर. अंगठ्याला बँडेज.

"हे काय?"

"काही नाही मॅडम. शुगर." ते पंपाशी खेळत बसले. "हिवाळ्यात जखम झालती. भरते, पुन्हा फुटते. डॉक्टर म्हने पाय कोरडा ठेवा, नाही तं अंगठा काढाव लागन. पानी बिलकुल लागू द्याचं नाही."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट जरा उशिरा लागते, पण लागली. "संक्रांतीला मोजे त्यासाठी होते?"

"मंग काय शौक म्हनून?"

"मग काकांना सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तं वहिनीनं चहा फिका केला असता." ते हसले, पण हसणं टिकलं नाही. "अन् त्याले कायले सांगाचं? तो येत नको जाऊ म्हनला. काहून नाही धुत, हे एकडाव तरी इचाराचं. माह्या पायाची गरज होती त्याले, माही नाही."

पंप घेऊन मी परत आले. नळाचा दिवस होता. काका पाइपानं ड्रम भरत होते. मी स्कुटीवरून न उतरताच सगळं सांगितलं, शाळेतल्या आवाजात. पट्टी सांगितली, अंगठा सांगितला, शेवटचं वाक्यही गाळलं नाही.

काका म्हणाले, "कोनता पाय?"

"डावा."

ते तसेच निघाले. डोक्याला रुमाल नाही, पायात घरातल्या चपला. त्यांची जुनी लूना सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. पाइप जमिनीवर पडला होता आणि नळाचं स्वच्छ, पिण्याचं पाणी फाटकाखालून रस्त्यावर धो धो वाहत होतं. काकू बाहेर आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. या घरात असं पाणी त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. नळ मी बंद केला.

तासाभरानं लूना परतली. मागं रशीदभाई, डावा पाय बाहेर ताठ धरून. काकांनी त्यांना फाटकातून आत घेतलं आणि सरळ लॉनवरून चालवत आणलं. बुटांसकट. जळक्या कोपऱ्यात खुर्ची मांडली. मग आत जाऊन माठातल्या पाण्याचा लोटा भरून आणला आणि फरशीवर उकिडवे बसले.

"डावा कोरडा ठेवाचा न? मंग उजवा दे."

"अरे, तू कायले धुतं? सोड, भोयर."

"गुमान बस. तुह्यासाठी नाही धुवून राह्यलो, गवतासाठी धुवून राह्यलो." मान वर न करता त्यांनी रशीदभाईंचा उजवा बूट काढला, मोजा काढला. पाय धुताना ते बोटांच्या मधून, टाचेवर, तळव्यावर बघत होते. कुठं जखम नाही ना, हे बघत होते. ते गवतासाठी नव्हतं, एवढं तर मलाही कळलं.

"गवत तं जळालं, यार," रशीदभाई म्हणाले.

"मुळं हाये."

काकूंनी चहा आणला. फिका. रशीदभाईंनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कूलरचा पंप पुढच्या उन्हाळ्यात जळला असता तं बरं झालं असतं."

आता ते पुन्हा रोज येतात. काका लूनावर आणतात, लूनावर मशिदीपर्यंत सोडतात. आठवड्यातून दोनदा डॉक्टरकडे नेतात आणि डॉक्टरलाच जखमेबद्दल प्रश्न विचारतात. रशीदभाई हात-तोंड धुतात, उजवा पाय धुतात, डाव्या पायाच्या पट्टीवरून नुसता ओला हात फिरवतात; जखम असली की वजूला तेवढं चालतं. फाटकाजवळच्या कोपऱ्यात, खुर्चीच्या उजव्या बाजूला बारीक हिरवे कोंब आले आहेत. डावी बाजू तपकिरीच आहे.

परवा आमच्या आरओचं पाणी बादलीभर साठलं होतं. मी म्हटलं, काका, त्या उरलेल्या अर्ध्यावर टाकू का?

"नको," काका म्हणाले. "ते त्या पायाचं हाये. भरन जखम, तवा धुईन तो. थांबू आपन."