मनोहरराव आणि वाडग्याचं बूड

मनोहरराव कुणाच्याही घरी गेले की दिलेलं पाणी एका दमात पितात, पेला पालथा करतात आणि त्याचं बूड वाचतात. घरच्या बाईला वाटतं, पेला नीट घासलेला नाही. मलाही वाटलं होतं. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची अल्लड मुलगी. पुढच्या खेपेला रागाने स्टीलचा पेला पुढे केला. त्यांनी पाणी पिऊन तो तसाच खाली ठेवला. "स्टीलले पाहून काय करू, वहिनी?"

सावनेरकडच्या कोळसाखाणीत त्यांनी जन्मभर सर्व्हे केला. कोळशाचं वय सांगता येते तर काचेचं काहून नाही, हा त्यांचा सवाल. बायको गेली आणि ते साच्यात दाबून केलेल्या जुन्या काचेच्या मागे लागले. खिशात भिंग आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी. साच्याची शिवण बोटाने चाचपायची, काचेतले बुडबुडे बघायचे, बुडावर कारखान्याची खूण शोधायची. मग ओरखडे. वापरात झिजलेल्या काचेवर ते वेडेवाकडे असतात. सगळे एकाच दिशेने गेले तर कुणीतरी काच जुनी भासवायला कानस मारली समजा. एवढं झालं की निकाल: "शंका नाही." समोरच्या बाईंची बेल्जियमची फुलदाणी अशीच एका संध्याकाळी फिरोजाबादची झाली. त्या घरी त्यांना पुन्हा चहा मिळाला नाही.

माझ्या माहेरच्या वाडग्याशी मात्र ते अडले. हिरवट काच, काठाला द्राक्षांचे घोस, बुडाशी अर्धी झिजलेली खूण. पालथा करून खुणेवर भिंग धरलं, काढलं, पुन्हा धरलं. म्हणाले, "शंका हाये. पुढच्या रविवारी पाहू."

ते रविवार बावीस वर्षं चालले आहेत.

पहिल्या दोन महिन्यांत मी ठाम ठरवून टाकलं की गृहस्थ माझ्यासाठी येतात. रविवारी ठेवणीतली साडी, वर पावडर. आमचे हे तेव्हा होते. पेपराआडून म्हणाले, "पावडर वाडग्याला लाव. त्यांची नजर तिकडे आहे." मग मी समजले की वाडग्यावर डोळा आहे, आणि तो चार रविवार गव्हाच्या कोठीत लपवला. मनोहरराव तरीही आले. कोथिंबीर भरलेली सांबारवडी खाल्ली, खाणीतल्या गोष्टी सांगितल्या, गेले. यावरून काही समजावं एवढी अक्कल मला नव्हती.

उन्हाळ्यात पडदे ओढलेले असतात, कूलर घुमत असतो, ओल्या वाळ्याचा वास. पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात ते वाडगा धरतात आणि भिंतीवर हिरवं पाणी हलायला लागतं. बोलणं मंदावतं. त्यांची बायको काच कोमट पाण्यात धुवायची, हे मी किती वेळा ऐकलं असेल. हे गेले त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मनोहरराव आले आणि नुसतं ते पाणी हलवत बसले.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. मी खिचडी नेली. ते झोपले होते, म्हणून ताटलीसाठी मीच कपाट उघडलं. ओळीने काच, प्रत्येकीखाली चिठ्ठी. मधोमध माझाच वाडगा. म्हणजे अगदी तसाच, त्याच घोसांचा. चिठ्ठीवर कारखान्याचं नाव होतं, साल होतं. खाली: "हिच्या माहेरचा. शंका नाही." ही म्हणजे त्यांची गेलेली बायको. शाई पार पिवळी पडलेली. बावीस वर्षांत मीही वय ओळखायला शिकले होते. ती चिठ्ठी आमच्या पहिल्या रविवारच्या आधीची होती. मी कपाट लावून घेतलं आणि डब्यातूनच खिचडी भरवली.

परवाच्या रविवारी नात आली, सई. मनोहरराव वाडगा घेऊन बसलेले. तिने फोन काढला. खुणेचा फोटो टाकला की मिनिटभरात कारखाना कळतो, म्हणाली. मनोहररावांचा हात थांबला. भिंतीवरचं पाणीही.

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "आमचं चाललंय."

सई खांदे उडवून आत गेली. मनोहरराव वाडग्याकडेच बघत होते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "तापात होतो तवा तुम्ही माहं कपाट उघडलं होतं काय?"

"कोणतं कपाट, भाऊजी?" मी म्हटलं, आणि वाडग्यावर ऊन यावं म्हणून पडदा बोटभर आणखी उघडला.