दोन रांगा गेल्या कुठं?

दुबईत, करामाच्या त्या बिल्डिंगमध्ये आमचं सामान चढत होतं, तेव्हा मी जिन्यात पोळपाट छातीशी धरून उभी होते. वरून एक उंच, जरा पोक काढून चालणारे गृहस्थ उतरले. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही.

"पोरगा कितवीत?"

"आठवीत जाईल," मी म्हटलं.

"कुठल्या शाळेत घालताय?"

मी शाळेचं नाव सांगितलं. ते नाव घेताना तेव्हा माझी मान आपोआप उंच व्हायची. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आमच्या फ्रिजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हमालाला म्हणाले, "भाई, थोडा रुको. शायद वापस उतारना पडेगा."

हे आमचे परकारभाई.

मूळचे दापोलीकडचे. एका कन्स्ट्रक्शन कंपनीत एस्टिमेटर होते. नकाशा बघून या इमारतीला सिमेंट किती लागेल, सळई किती लागेल, ते काढायचं, हे त्यांचं काम. पण खरा जीव शाळांत. नव्वदच्या त्या दशकात यूएईतल्या यच्चयावत हिंदुस्थानी शाळांचे बारावीचे निकाल त्यांना तोंडपाठ होते. लोकांच्या डोक्यात दुबईचा नकाशा म्हणजे रस्ते, सिग्नल आणि सोन्याची दुकानं. यांच्या डोक्यात विषय. "करामा म्हणजे गणित, वैनी. घुसैस म्हणजे बायोलॉजी. शारजात केमिस्ट्री बरी. अबुधाबीला इंग्रजी उत्तम, पण फिजिक्समध्ये वाळू गेलीय."

"आणि रुवैस?" एकदा आमच्या ह्यांनी मुद्दाम विचारलं. तिथे, पार पश्चिमेला, रिफायनरीची वसाहत.

परकारभाईंनी सुस्कारा सोडला. "तिथं आपल्या पोरांना एकच शाळा. तुलना करणार कुणाशी? नशीबवान माणसं."

कुणी भाड्याने घर बघायला निघालं की आधी परकारभाईंकडे जायचं. एजंट लोक त्यांना बघून रस्ता ओलांडायचे. आणि कुणी कौतुकाने म्हटलं, की अमक्या शाळेची इतकी पोरं इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्समध्ये आली, तर हे हात झटकायचे. "तो ट्यूशनवाल्याचा रिझल्ट. शाळेनं फक्त युनिफॉर्म दिला."

आता माझं सांगते. माझी नात विचारते, आजी, तू तरुणपणी कशी होतीस? हुशार होतीस का? तर बाळ, तुझी आजी अशी होती, की तिने वर्तमानपत्रातली एका शाळेची पानभर जाहिरात कापली, त्यातल्या टॉपर पोरांचे फोटो फ्रिजच्या दारावर चिकटवले आणि त्या जाहिरातीपायी शारजातलं ऐसपैस घर सोडून करामाच्या दोन खोल्यांत संसार कोंबला. ओळख ना पाळख, सगळी चष्मेवाली पोरं. आमचे हे पाणी प्यायला उठले, की म्हणायचे, "ह्यांची तोंडं बघून तहानच मरते." निनाद, म्हणजे आमचा मुलगा, फ्रिज उघडणंच टाळायचा. मला वाटायचं, वा, प्रेरणा मिळतेय!

ती जाहिरात परकारभाईंनी पाहिली आणि मला त्यांच्या घरी चहाला बोलावलं. एकटेच राहायचे. बायको, जुबेदाभाभी, आणि मुलगा साजिद दापोलीला होते. "पोराचा डिप्लोमा झाला की येतील," असं ते स्वतःच सांगायचे, म्हणून कुणी जास्त विचारत नसे. दोन बेडरूमचं घर. दुसऱ्या बेडरूमचं दार उघडं होतं. आत अभ्यासाचं टेबल, वर टेबललॅम्प, त्याचं प्लास्टिक अजून न काढलेलं.

त्यांनी कपाटातून वर्गांचे ग्रुप फोटो काढले. पुठ्ठ्याच्या चौकटीतले असतात ना, मधे टीचर, पुढची पोरं मांडीवर हात ठेवून, ते. घरोघरी फिरून, चहा पिऊन, मागून आणलेले.

"ही तुमची शाळा. हा नववीचा फोटो. रांगा किती?"

"पाच."

"हीच बॅच, बारावीला. बघा."

तीन.

"रिझल्ट झकास लागलाय, अमान्य नाही. पण दोन रांगा गेल्या कुठं, वैनी? सिमेंट कागदावर किती लिहिलं ते बघायचं नसतं, साइटवर किती उतरलं ते बघायचं."

मी मनात म्हटलं, एकटं राहून माणसाचं असं होतं. घरी येऊन ह्यांना नक्कल करून दाखवली. पोक काढून, चष्मा कपाळावर नेऊन. फार छान जमली होती.

पुढे निनाद दहावीत गेला आणि शाळेतून बोलावणं आलं. सुपरवायझर मॅडमनी थंड पाणी दिलं. "ही इज अ व्हेरी गुड बॉय," त्या म्हणाल्या, "पण गणित... अकरावी सायन्सला आमच्याकडे त्याला झेपणार नाही. बरेच पेरेंट्स मुलांना इंडियाला ठेवतात. दोनच वर्षांचा प्रश्न असतो."

इतकं गोड बोलल्या, की शाळेबाहेर येईपर्यंत मला कळलंच नाही, आपल्या पोराला रांगेतून काढलंय.

घरी आम्ही ठरवून टाकलं. सांगलीला ह्यांची बहीण होती. तिथे ठेवायचं, क्लास लावायचा, एन्ट्रन्सही तिथूनच द्यायची. निनादला विचारलं, तर तो म्हणाला, "व्हॉटेवर." मोठी सूटकेस पलंगाखालून काढली. नको त्या वयात पोरगं घरातून जाणार होतं, आणि मी कशाच्या विचारात? तर सांगलीच्या कुठल्या कॉलेजचा निकाल चांगला.

तेच विचारायला परकारभाईंना बोलावलं. ते आले, हॉलमधली सूटकेस पाहिली आणि तिच्यावरच बसले. आम्ही खुर्ची पुढे केली, तरी उठले नाहीत.

"शाळा बदला," ते म्हणाले. "घर बदला. पोरगं नका बदलू."

"अहो परकारभाई, दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे," आमचे हे म्हणाले.

"आमच्या साजिदच्या वेळीही दोनच म्हणाले होते. ह्याच शाळेत होता. नववीनंतर पाठवला. सोबत त्याची आई गेली. बारावी झाली की येतील म्हटलं. मग डिप्लोमा झाला की. आता नोकरी लागली की." चष्मा कपाळावर चढवायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. "सूटकेस आत ठेवा, मग उठतो. यल्ला, चला लवकर."

दुसऱ्या दिवशी ते एक फोटो घेऊन आले. शारजातली एक साधी शाळा, आमच्या जुन्या घराच्या मागच्याच गल्लीतली. तिच्या नावाने मी एके काळी नाक मुरडलं होतं. नववीला चार रांगा, बारावीला चार रांगा. "रिझल्ट काही खास नाही," ते म्हणाले. "पण ज्यांना घेतात त्यांना ठेवतात."

आम्ही सामान उतरवलं. हमाल तोच होता. तो परकारभाईंना म्हणाला, "साब, उस दिन सही बोला था." फ्रिजच्या दारावरची पोरं मी खरवडून काढली. डाग मात्र राहिले.

शारजाला गेल्यावर परकारभाई दर शुक्रवारी नमाज आटोपून, इतकी गर्दी तुडवत, आमच्याकडे यायला लागले. निमित्त निनादच्या गणिताचं. शिकवायचे कमी, त्याच्याशी क्रिकेटवरून वाद जास्त. जेवायला मात्र थांबत नसत. "घरी करून ठेवलंय," म्हणायचे. काय करून ठेवायचे, देव जाणे.

निनाद बारावी झाला. मार्क बेताचे, एन्ट्रन्समध्ये नंबर असा, की सांगताना आवाज आपोआप खाली यावा. तो इथेच एका कॉलेजात कॉम्प्युटरला जाणार होता. निकालानंतरच्या शुक्रवारी परकारभाई हलव्याचा डबा घेऊन आले आणि आधी ग्रुप फोटो मागितला. रांगांवरून बोट फिरवलं. मागच्या रांगेत, जांभई आवरत असल्यासारखा, आमचा चिरंजीव.

"भरलेल्या आहेत," ते म्हणाले. मग घड्याळ बघून म्हणाले, "वैनी, दापोलीला फोन लावू का इथून? फोनकार्ड आहे माझ्याकडे."

फोन हॉलमध्येच होता. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. यांनी विचारलं, तब्येत बरी? "जी अब्बा." पैसे पोचले? "जी अब्बा." इथे नोकरीचं बघू का? "तुम्ही म्हणाल तसं, अब्बा." मग फोन जुबेदाभाभींकडे गेला, आणि मग कार्ड संपलं.

परकारभाईंनी रिसीव्हर ठेवला आणि संपलेलं कार्ड नीट खिशात घातलं.

"फार नम्र आहे हो साजिद," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"फार," ते म्हणाले. "लोक सांगतात, असा मुलगा मिळत नाही. कधी उलट बोलला नाही. कधी काही मागितलं नाही." मग त्यांनी विचारलं, "वैनी, निनाद जेवताना भांडतो?"

"रोज!"

"भाजी आवडली नाही, तर?"

"ताट सरकवतो. लाज नाही."

"सरकवतो?" त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणाचा तरी बोर्डात नंबर आला. "हाताने?"

"मग काय! आज थांबा आणि स्वतःच बघा. दुधी केलाय."

त्या दिवशी पहिल्यांदा ते जेवायला थांबले. निनाद आला, खुर्ची ओढली, ताटात डोकावला. "आई, नॉट दुधी अगेन! व्हॉट इज धिस, हॉस्पिटल?" आणि ताट सरकवलं ते थेट आमटीच्या वाटीला जाऊन धडकलं.

मी पळी उगारली. परकारभाईंनी हात आडवा केला. "राहू द्या," ते म्हणाले. "राहू द्या हो." निनादकडे बघत त्यांनी स्वतःचा दुधी भाकरीबरोबर सावकाश, एकेक घास करत संपवला. डोळे पुसले. तिखट लागलं असेल म्हणावं, तर दुधीत तिखट नव्हतंच.

निघताना दारात चपला घालता घालता ते थांबले.

"वैनी, पुढच्या शुक्रवारी काय करणार?"

"तुम्हाला काय आवडतं, सांगा ना."

"दुधीच करा," ते म्हणाले. "मी जेवायला येतो."