शनिवारी पाणी बंद

तो मंगळवार अगदी साधा चालला होता. बीटाचं सूप उतू गेलं होतं, चार वर्षांच्या किप्रसने दोन्ही मोजे एकाच पायात घातले होते आणि झेनोनसने या दोन्ही गोष्टींकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. पानेवेझिसहून सासूबाई बोलत होत्या.

"शनिवारी दहाच्या बसने येते. मुलांचे कपडे बांधून ठेव. आता माझ्याकडेच राहू देत ती. तुला एकट्याला झेपत नाही."

"झेपतंय की."

"नाताळ तोंडावर आला. खिडक्या तरी सजवल्यास?"

इथे शहाण्या माणसाने 'नाही' म्हणायचं असतं. झेनोनस म्हणाला, "म्हणजे काय, सगळ्या भरल्यात."

"तू भरल्यास?"

"मी आणि मुलांनी."

"बघतेच आता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

झेनोनस पालिकेच्या पाणीखात्यात एकोणीस वर्षं कारकून होता. (खोटं बोलायचं काम तिथे वरचे लोक बघत. त्यामुळे त्याला सराव नव्हता.) दर हिवाळ्यात कागदाची हिमफुलं कातरून खिडक्यांना लावायची, हे काम त्याच्या बायकोचं, निओलेचं. ती मार्चमध्ये गेली. तोवर झेनोनसकडे फक्त स्टूल धरायचं काम होतं, आणि ते तो उत्तम करी.

बुधवारी तो ऑफिसातून कागदांचा एक गठ्ठा घेऊन आला. ऑक्टोबरमध्ये चाळीस नोटिसा छापायच्या होत्या, पण त्याच्या हातून एक शून्य जास्त पडलं होतं. उरलेल्या तीनशे साठ कपाटात पडून होत्या. एका बाजूला छापील मजकूर, पण दुसरी बाजू कशी हंसासारखी पांढरी.

सहा वर्षांची रुस्ने खुर्चीवर मांडी घालून बसली आणि घडी घालायला लागली. "बाबा, असं त्रिकोणी. मग परत त्रिकोणी. आता दुमडलेल्या बाजूने कातर, पण पूर्ण नाही."

झेनोनसने कातरलं. फूल उलगडायला गेला, तर हातात सहा वेगवेगळे तुकडे आले.

"पूर्ण नाही म्हटलं होतं," रुस्ने म्हणाली.

"मी ऐकलं. कात्रीने नाही ऐकलं."

किप्रस इतका हसला की खुर्चीवरून खाली घसरला आणि टेबलाखालूनच त्याने पुढचं कातरकाम सुरू केलं. त्यात झेनोनसच्या चपलेचा एक पट्टाही गेला. तासाभरात जमीन पांढरी झाली, दोघांच्या केसांत कागदाचा चुरा झाला आणि झेनोनसला एक अख्खं फूल जमलं. ते थोडंसं बेडकासारखं दिसत होतं, पण अख्खं होतं. घरात इतका गोंगाट फार दिवसांनी झाला होता.

"आता दूध आण," रुस्ने म्हणाली.

"कशाला?"

"चिकटवायला. आई दूध लावायची."

"दूध प्यायचं असतं," झेनोनस म्हणाला. चिकटवायचं तर ते पक्कं, असं त्याचं मत होतं. म्हणून त्याने ऑफिसातून डिंकाची बाटलीही आणली होती. पातळ, स्वच्छ, काचेसारखा आरपार दिसणारा डिंक. छापील बाजू काचेला, पांढरी बाजू घरात. रात्रीच्या जेवणाआधी चारही खिडक्या फुलून गेल्या.

शनिवारी सकाळी त्याला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. वरून, बाजूने, समोरून, पाच मजली इमारतीतले सगळे नळ वाहत होते. तो उठेपर्यंत आवाज थांबला होता. त्याने आपला नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या ब्रोनेबाई भेटल्या. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या.

"उपकार झाले हो, झेनोनस. या खेपेला आधी कळवलंत तरी."

"मी काय कळवलं?"

"खिडकीत लावलंत ना? मी तर न्हाणीघरातला टबही भरला."

झेनोनस तसाच एका चपलेवर अंगणात पळाला. त्याचं घर तळमजल्यावर, दाराला लागून. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या खिडकीत डोकावणारच. पहिल्या फुलावर लिहिलं होतं 'शनिवारी'. दुसऱ्यावर 'पाणी बंद'. बेडकासारख्या फुलाच्या पोटावर खात्याचा शिक्का आणि खाली त्याची स्वतःची सही. तारीख किप्रसच्या कात्रीने खाल्ली होती, वार मात्र जागोजागी शाबूत होता. पाणीखात्याचा माणूस स्वतःच्या खिडकीत लावतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? सगळ्यांनी मिळून इमारतीची टाकी रिकामी केली होती. आता पाणी खरोखरच बंद होतं.

तो फुलं काढायला धावला. नखाने निघेनात, सुरीने निघेनात. गरम पाण्याने कदाचित निघाली असती, पण पाणी कुठे होतं?

"कशाने चिकटवलंस?" मागून आवाज आला. सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात मोठी रिकामी सुटकेस. दहाची बस आजच वेळेवर यायची होती.

"ऑफिसच्या डिंकाने."

"अरे बाबा, तो डिंक काचेच्याच जातीचा. काचेला काच चिकटवलीस. आता खिडकी फुटेल, फूल निघणार नाही." त्या आत आल्या आणि नळाकडे बघितलं. "जावई पाणीखात्यात आणि घरात हात धुवायला थेंब नाही."

"मी सांगितलं होतं दूध लावतात म्हणून," रुस्ने म्हणाली.

"तुला कोणी शिकवलं?"

"आईने."

"आणि तिला मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुटकेस भिंतीशी ठेवली. मग कोट न काढताच म्हणाल्या, "झेनोनस, कागद आण. दोन्ही बाजूंनी कोरा."

रुस्नेची चित्रकलेची वही फाडली गेली. सासूबाई अंगणात स्टुलावर चढल्या. त्या बाहेरून काचेला दूध लावत आणि नोटिशीवर नवं फूल बसवत. थंडी अशी की दूध लागताच गोठे आणि फूल जागच्या जागी बसे. किप्रस दुधाची वाटी धरून उभा होता. दोनदा ती रिकामी झाली, कारण तो अधूनमधून चव बघत होता. ब्रोनेबाईंनी साठवलेल्या पाण्याचा चहा करून आणला आणि स्वतःही कातरायला बसल्या. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरचे लोक कात्र्या घेऊन उतरले. त्यांना राग यायचा होता, पण बादल्या भरून झाल्यावर करायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"बाबांना कातरायला देऊ नका," रुस्ने सगळ्यांना बजावत होती. झेनोनस स्टूल धरून उभा होता.

चार वाजता तो सासूबाईंना बसपर्यंत सोडायला गेला. सुटकेस तशीच रिकामी होती. सकाळपासून त्याने त्याबद्दल विचारलं नव्हतं. आताही त्याची छाती होत नव्हती.

सासूबाई पायरी चढल्या आणि वळल्या. "दोन असती तर नेली असती," त्या म्हणाल्या. "तीन पोरं मला या वयात झेपायची नाहीत. इथेच राहा सगळे."

दार लागलं. झेनोनस विचारात पडला. रुस्ने एक, किप्रस दोन. तिसरं कोण, हे कोडं त्याला सुटेपर्यंत बस वळणावरून दिसेनाशी झाली होती. आभार मानायचे राहूनच गेले.