जयवंताच्या झाड्याचा पंचनामा

ज्या गोष्टीचा सरकारी कागदात खाना नाई, ते गोष्ट दुनियेत होतच नाई. मी चौथी नापास हावो, पन याची मले पक्की खातरी हाये.

सन अठ्ठेचाळीसची गोष्ट. आमच्या गावात भाजीचा मळा करनारा शेषराव, त्याची पोरगी जयवंता, वय पाच. तिचा कान फुटला. अकोल्याच्या डाक्टरनं सल्फ्याच्या गोळ्या देल्ल्या. गोळी मोठी इमानदार. दोन दिवसात कान सुकला, तिसऱ्या दिवशी पोट सुटलं. डाक्टरनं अगोदरच सांगतलं होतं, "या गोळीनं लेकराचं पोट ढिलं होते. ताक-भात द्या, पानी पाजा, घाबरू नोका." कोनी घाबरलं नाई. घाबरला आमचा कोतवाल भगवंत, कारन रोगराईचा सरकारी कागद त्याच्यापाशी होता.

कागदात पोटाचे खाने दोनच, दोन्ही पटकीचे. 'हैजा झाला' अन् 'हैज्यानं मेला'. पोरगी अंगनात सागरगोटे खेळून राहिली होती, म्हनून भगवंतानं पहिला खाना भरला. (कोतवाल दयाळू होता.)

"अबे भगवंता, हे गोळीनं झालं!" शेषराव बोंबलला.

"शेषरावभाऊ, गोळीचा खाना दाखव. आत्ता भरतो."

तालुक्याहून साहेब आले. विहिरीत लाल दवाई टाकली अन् मंगळवारचा बजार बंद केला. चाळीस घरं माळ्याचे, अकरा बैलबंड्या वांगे तोडलेले. वांग्याईले कोनी हुकूम वाचून दाखवला नाई, ते आपले पिवळे पडत गेले.

साहेबानं मंग तोड काहाडली. सोमवारच्या सांजेलोक पोरीनं पाच पंचाईसमोर एक घट्ट झाडा, म्हन्जे शी, करावा. पंचनामा झाला का बजार चालू.

गाव कामाले लागलं. जिले जत्रेत कोनी रेवडी देल्ली नाई, तिच्यापुढं सतरा घरचे केळं. जायफळ उगाळून झालं, डाळिंबाचं सालटं झालं, बेलफळ झालं. शेषरावची माय पार्बताबाई कावली, "माह्या नातीचं पोट हाये का जवारीचं पेव? जो येते थो भरूनच राहिला!"

नतीजा असा, का पोट जे बंद झालं ते सरकारी कचेरीसारखं. इतवारी काई नाई. सोमवारी दुपारलोक काई नाई.

सोमवारी तीन वाजता घरामांगं सतरंजी टाकली. पाच पंच, मधात रामराव पाटील, पागोटं बांधून. (कामच तसं होतं.) जयवंतानं पाचाईकडे पाह्यलं अन् म्हने, "तिकडे तोंड करा."

पंच इमानदारीनं फिरले. साहेब म्हनाले, "पाह्यल्याबगर सही चालनार नाई."

पंच पुना इकडे फिरले.

"मंग अगोदर तुमी बसा," जयवंता म्हने, "मंग मी."

पंचाईनं एकमेकाईकडे पाह्यलं. वांग्याच्या बंड्या रस्त्यावर उभ्या होत्या. दोघं उठले अन् त्याईनं धोतराचा काष्टा सोडाले घेतला.

मंगळवारी बजार भरला, इतकं सांगतो. वांगे खपले, पोरीचा कान बरा झाला. पन सतरंजीवरून पंचाईले काय दिसलं, अन् दिसलं का नाई दिसलं, ते काई मी सांगत नाई. पाच वर्षाच्या लेकराची बी इज्जत असते.

तुमी मात्र मान लांब करून इथलोक वाचत आले, का पोरीनं केलं का नाई केलं. पंचाईले निदान वांगे इकाचे होते, भाऊ. तुमाले काय इकाचं होतं?