फ्रान्सला शिव्या घालणारे हमीदभाई

हमीदभाई रोज संध्याकाळी फ्रान्समधल्या माणसांना शिव्या घालतात. चामोर्शीच्या बाजारओळीत, माझ्या पिठाच्या चक्कीत, माझ्याच स्टुलावर बसून आणि माझ्याच टीव्हीकडे बोट रोखून घालतात. जुलै लागला की फ्रान्समध्ये तीन आठवडे सायकलींची ती मोठी शर्यत चालते. तिकडे ती पोरं डोंगर चढतात आणि इकडे हमीदभाईंच्या गळ्याच्या शिरा फुगतात. "अबे, उठ ना सीटवरून! बसून चढ चढते का कोणी? पागल समजून राह्यला का मले?" त्या पोराने हमीदभाईंना पागल समजायचं काही कारण नाही, कारण त्याला हमीदभाई माहीतच नाहीत. पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

हमीदभाई माझे शेजारी. त्यांचं गादीभांडार आणि माझी चक्की यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि आमची सगळी भांडणं त्या भिंतीवरूनच होतात. त्यांचं कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की तंतू उडून माझ्या पिठात येतात. माझी चक्की सुरू झाली की पीठ त्यांच्या कापसावर बसतं. "लताबाई, तुमच्या पिठानं माह्या गादीत उंदरं होऊन राह्यले," असं ते तिकडून ओरडतात. "अन् तुमच्या कापसानं माह्या गिऱ्हाइकाच्या पोटात गाद्या होऊन राह्यल्या," असं मी इकडून ओरडते. मलाही राग लवकर येतो, आणि आला की तो मी आत ठेवत नाही.

पण त्यांचा राग वेगळ्याच जातीचा. तो सकाळी त्यांच्याबरोबरच उठतो. हात दाखवूनही न थांबणाऱ्या एसटीवर राग, विनाकारण हॉर्न मारणाऱ्यावर राग, आणि सगळ्यात जास्त राग फोमच्या गादीवर. फोमची गादी घेऊन कुणी दुकानासमोरून गेलं तर ते बाहेर येऊन त्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणतात, "झोप, झोप. सकाळी कंबर धरून माह्याकडंच येशील." घरचा टीव्ही सुनेच्या मालिकांसाठी राखीव, म्हणून हे संकट संध्याकाळी माझ्या चक्कीत.

दळणाला आलेल्या बायकांना मात्र मजा वाटते. डबे ओळीत ठेवायचे आणि शर्यत बघत बसायचं.

"तो पिवळ्या कपड्यातला कोण जी, हमीदभाई?"

"तो पहिला."

"अन् ठिपक्याठिपक्याचा?"

"तो डोंगराचा राजा. जो सगळ्यात चांगला चढ चढते, त्याले ठिपके भेटते."

"ठिपक्याचं कापड चांगलं हाय. पन इतल्या लांब सायकलनं काऊन जाऊन राह्यले? तिकडं बस नाई का?"

यावर हमीदभाई कपाळाला हात लावतात आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगतात. डोंगराच्या रस्त्यावर तिथले लोक रंगाने मोठ्ठी अक्षरं लिहितात, आपल्या आवडत्या माणसाचं नाव, "चल चल" असं काहीतरी. म्हणजे चढताना दम लागलेला माणूस मान खाली घालून जातो, तर त्याला ते वाचता यावं. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. दिवसात तेवढ्याच वेळी येतो.

खरं म्हणजे हे वेड त्यांच्या एकट्याचं नव्हतं. नाल्यापलीकडच्या गावातले गोविंदाभाऊ, धानाचे शेतकरी, त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. दोघं मिळून शर्यत बघायचे. गोविंदाभाऊंना सायकलींशी काही देणंघेणं नव्हतं. हेलिकॉप्टरमधून तिथली शेतं, शेतांचे बांध दाखवतात, ते सगळं बघायला ते यायचे. "धुरा पाहा, धुरा! कसा सुतासारखा हाय. अन् हे सूर्यफूल पाहा. एकबी तण नाई." हमीदभाई किंचाळायचे, "अबे रेस पाहा ना बे! तिकडं तो पुढं निंगून गेला अन् तू तण पाहून राह्यला!" दोघं सबंध संध्याकाळ भांडायचे, चहा प्यायचे आणि चहावरूनही भांडायचे. त्या आवाजात मला चक्कीचा आवाज ऐकू यायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी तो प्रकार झाला. पिवळ्या कपड्यातला पोरगा वळणावर पडला. गुडघा फुटला, सायकल लांब फेकली गेली. दुसऱ्या नंबरचा त्याच्या मागेच होता. त्याने एकदा वळून पाहिलं आणि जोर लावून निघून गेला. हमीदभाई उभेच राहिले. एका बाईच्या तांदळाच्या डब्याला त्यांचा पाय लागून डबा लवंडला, तरी त्यांचं लक्ष नाही. "थांब बे! पडला ना तो! पडलेल्याले सोडून जाते, तो माणूस हाय का?"

गोविंदाभाऊ शांतपणे म्हणाले, "पडला तं पडला. त्यानं काऊन थांबावं? शर्यत हाय का वरात हाय?"

"तू गेला असता?"

"गेलो असतो ना. मंग काय पूजा करत बसू त्याची?"

"म्हंजे मी पडलो तं तू मलेबी सोडून जाशीन."

"येडा हाय का बे तू?"

संपलं. शाळेपासूनची दोस्ती एका परदेशी गुडघ्यावरून तुटली. इतकी माणसं जमिनीवरून भांडतात, लग्नातल्या मानपानावरून भांडतात, पण हे असलं मूर्ख कारण मी जन्मात ऐकलं नव्हतं. तांदूळ मी निवडले ते वेगळंच. गोविंदाभाऊ बाजाराला यायचे तर पलीकडच्या बाजूने जायचे. हमीदभाई दुकानाच्या आत तोंड करून बसायचे. शर्यत आली की हमीदभाई एकटे यायचे, बायकांना ठिपके समजावून सांगायचे. शेतं दाखवली की स्टुलावरून शेजारी बघायचे आणि मग उगीचच माझ्यावर ओरडायचे, "टीव्ही पुसत नाई का तुमी?"

या उन्हाळ्यात गोविंदाभाऊंना लकवा मारला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. जिल्ह्याच्या दवाखान्यातून घरी आले. अख्खी बाजारओळ त्यांना बघून आली, मीही गेले. हमीदभाई गेले नाहीत.

जुलै लागला, धानाच्या रोवणीचे दिवस आले, टीव्हीवर शर्यत सुरू झाली. एका संध्याकाळी गोविंदाभाऊंची बायको, सुनंदा, दळण घेऊन आली. हमीदभाई तिथेच बसलेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, मलाच सांगत होती. "डॉक्टर म्हंते, आता चालला नाई तं पाय तसाच राहीन. रोज पुलावर चढून इकडं या अन् परत जा म्हंते. हे पुलाच्या खालपर्यंत येते, गोट्यावर बसते अन् घरी चाल म्हंते. काई म्हना, आयकतच नाई. कायले चालू म्हंते."

आमच्या भागात डोंगर नाही. सपाट धानाच्या बांध्या, आणि चढ म्हणजे नाल्यावरच्या पुलाला चढणारा रस्ता. धडधाकट माणसाला तो चढ आहे हे कळतही नाही. सुनंदा रडत होती. हमीदभाई टीव्हीकडे बघत होते. नेमका तेव्हाच टीव्हीवर कुणीतरी पडला आणि हमीदभाई ओरडले, "अरे उचला ना त्याले कोनी!"

माझं डोकं फिरलं. सुनंदा गेल्यावर मी टीव्ही बंद केला.

"काऊन बंद केला?"

"माह्या चक्कीत बसून फ्रान्समधल्या पडलेल्यासाठी गळा काढता, अन् नाल्यापलीकडं तुमचा मानूस पडला, त्याचं काई नाई? दोन मैलांवर हाय तो. सायकल हाय ना तुमच्याकडं?"

"त्यानं मले येडा म्हटलं."

"बरोबर म्हटलं!"

ते उठले. स्टूल माझं होतं, तरी रागाच्या भरात ते उचलून घेऊन गेले. त्यानंतर चार-पाच संध्याकाळी आले नाहीत. भिंतीपलीकडून मशीन मात्र जास्तच जोरात चालत होतं. मला वाटलं, जाऊ दे, असल्या माणसाचा चेहराच बघायला नको.

मग एके सकाळी रोवणीला निघालेल्या बायका पुलावरून उलट्या पावली बाजारात आल्या. पुलाच्या पलीकडच्या चढावर पांढऱ्या रंगाने मोठमोठी अक्षरं लिहिलेली होती. अगदी खाली "उठ बे". मध्यावर "चढ". आणि पुलाच्या तोंडाशी "थोडंच हाय, थांबू नोको".

आता दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात रस्त्यावर असं काही दिसलं असतं तर लोकांनी वाचून सोडून दिलं असतं. आमच्याकडे जंगलात नक्षलवादी, म्हणून रस्त्यावर रातोरात अक्षरं उगवली की लोक आधी झाडावर काही लाल फडकतंय का ते बघतात. उठा, चढा, थांबू नका! बाजार अर्धा बंद झाला. त्या अक्षरांना कुणी पाय लावेना, आणि दोन दिवसांनी ठाण्यातले साहेब माझ्या चक्कीत हजर झाले. तरुण होते, साताऱ्याकडचे. मोबाईलमधला अक्षरांचा फोटो त्यांनी माझ्या दारावरच्या पाटीशेजारी धरला. पाटीवरचं "चक्की" आणि रस्त्यावरचं "चढ" यांतला 'च' सारखाच होता, पोट फुगलेला. पाटी हमीदभाईंनीच रंगवून दिली होती, फुकट, आणि वर 'अक्षराले नजर नोका लावू' म्हणून दम दिला होता.

साहेबांनी हमीदभाईंना गाडीत घालून पुलावर नेलं. मी चक्की उघडी टाकून मागच्या सीटवर चढले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला राग आला होता, कुणाचा ते त्या वेळी कळत नव्हतं.

"हे तुम्ही लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"हो. मंग?"

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी नाई."

"काका, नीट सांगा. कुणी लिहायला सांगितलं?"

"मले कोन सांगते? पागल समजून राह्यले का मले?"

मी मध्ये पडले. "साहेब, जरा वाचा ना. 'उठ बे' अशी कुठली पार्टी लिहिते? एवढ्या अपमानानं कोणी क्रांती करते का?" साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "मग कुणासाठी लिहिलं ते नाव त्यांना सांगू द्या. नाव सांगितलं की विषय संपला. नाहीतर ठाण्यात यावं लागेल."

नाव सांगणं म्हणजे आपण गोविंदासाठी हे केलं हे कबूल करणं. हमीदभाईंनी दोन्ही हात मागे बांधले. "चला ठान्यात," ते म्हणाले. इतका हट्टी माणूस! मी आता नाव सांगणारच होते, तेवढ्यात चढाच्या खालून कुणीतरी शिव्या देत येत असल्याचा आवाज आला.

शिव्या नीट कळत नव्हत्या, अर्धं तोंड हलत नव्हतं ना. पण शिव्याच होत्या. गोविंदाभाऊ काठी टेकत, डावा पाय ओढत चढत होते. मागून सुनंदा. ते "उठ बे"वरून पुढे आले, "चढ"वर थांबले, त्या अक्षरावर काठी आपटली, पुन्हा चढायला लागले. सुनंदा मला बघून म्हणाली, "पयल्याच दिवशी वळखलं यायनं अक्षर. तवापासून रोज हमीदभाईले शिव्या देत येते. काल अर्ध्यावर आले होते."

साहेबांनी हमीदभाईंकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात ठेवला.

हमीदभाई जागचे हलले नाहीत. गोविंदाभाऊ शेवटच्या ओळीशी आले. पाय लटपटत होता, गळ्यावरून घाम आणि वाकड्या ओठातून लाळ एकत्र वाहत होती. समोर हमीदभाई दिसताच ते थांबले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं, आता शिवी देतील.

"आता… आला?" ते म्हणाले.

 हमीदभाई खाली उतरले, गळ्यातला दुपट्टा काढला आणि गोविंदाभाऊंचं तोंड पुसलं. आधी ओठ, मग हनुवटी, मग मान, लहान लेकराचं पुसतात तसं. पुसताना त्यांचे स्वतःचे डोळे गळत होते आणि ते पुसायला दुपट्टा रिकामा नव्हता. मग त्यांनी गोविंदाभाऊंचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला.

आम्ही सगळे तसेच उभे, मी, साहेब, सुनंदा. हमीदभाई आमच्यावर खेकसले, "काय पाहून राह्यले? सरका ना बाजूले! मानूस चढून राह्यला, दिसत नाई का?"

आम्ही सरकलो.